खारघरच्या आईंना: ‘गांजा कायदेशीर का नको?’ या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा एकवीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. बॅग धुवायला काढली तेव्हा तळाशी रोलिंग पेपरचं पाकीट आणि झिपची छोटी पिशवी सापडली. तुम्ही विचारलंत तेव्हा त्याने काही लपवलं नाही, उलट वाद घातला. झाडच तर आहे, शंकराचा प्रसाद आहे, दारूपेक्षा कमी घातक आहे, कॅनडात दुकानात मिळतो, थायलंडमध्ये मिळतो, आपल्याकडेही कायदेशीर झाला पाहिजे. तुम्हाला उत्तर सुचलं नाही. ‘त्याला पटतील असे मुद्दे सांगा’ असं तुम्ही लिहिलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ: धाकट्या दिरांना विशीत ‘डोक्याचा त्रास’ झाला होता, त्यांच्या गोळ्या अजून चालू आहेत, पण त्याचा याच्याशी काही संबंध नसावा.

त्या ओळीकडे मी शेवटी येतो. घाई असेल तर आधी तेवढंच वाचा.

मी ठाण्यात, नौपाड्यात बावीस वर्षं मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतोय. आठवड्यातला एक दिवस नवी मुंबईतल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात असतो. गांजा कायदेशीर करून दुकानांत विकायला ठेवावा याला माझा विरोध आहे, ठाम विरोध आहे. मात्र घराघरांत मुलांपुढे जे ठेवलं जातं, ‘एकदा ओढलास की संपलास’, ‘सगळे गर्दुल्ले असेच सुरू होतात’, ते मी सांगणार नाही. ते खरं नाही, आणि खरं नाही हे मुलांना ठाऊक असतं. त्याच्या वर्गात ओढणारी आणि तरी नऊ पॉइंटर आणणारी मुलं असणार. आईबाप एक वाक्य चुकीचं बोलले की त्यांची पुढची दहा खरी वाक्यं मुलगा ऐकत नाही.

तुमच्या घरात दोन प्रश्नांची गल्लत झालीय, ती आधी सोडवू. देशाने कायदा कसा करावा हा एक प्रश्न. तुमच्या मुलाने गांजा ओढावा का, हा दुसरा. तो पहिल्यावर हिरिरीने बोलतो, कारण तिथे त्याच्याकडे मुद्दे आहेत. दुसऱ्यावर आलं की त्याला स्वतःबद्दल बोलावं लागेल. विशीतली बहुतेक हुशार मुलं हेच करतात, म्हणून त्याच्यावर रागावू नका. त्याच्या पहिल्या प्रश्नाला नीट, बरोबरीच्या माणसाला द्यावं तसं उत्तर द्या, मगच दुसऱ्याचं दार उघडेल.

‘कायदेशीर’ या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. ओढणाऱ्याला तुरुंगात टाकू नये, ही पहिली. पोर्तुगालने २००१ साली हेच केलं: स्वतःपुरता माल जवळ असणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही, पण विक्री गुन्हाच राहिली. लोक पोर्तुगालचं उदाहरण दुकानांच्या बाजूने देतात, ते चूक आहे. दुसरी गोष्ट औषधाची: झाडातल्या द्रव्यांपासून मोजून-मापून केलेलं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळावं. तिसरी म्हणजे खुली विक्री: दुकान, ब्रँड, पॅकिंग, कर. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये केलं ते हे.

पहिल्या गोष्टीत मी तुमच्या मुलाच्या बाजूला उभा आहे. एकवीस वर्षांच्या पोराच्या खिशात पाच ग्रॅम सापडले म्हणून त्याची नोकरी आणि पासपोर्ट टांगणीला लागावा, यात कुणाचं भलं नाही. आपला १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदाही, लोकांना वाटतं तितका, या बाबतीत आंधळा नाही. गांजाच्या सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याच कायद्याच्या ६४-अ कलमात, व्यसनी माणूस स्वतःहून उपचारासाठी पुढे आला तर खटल्यातून सूट मिळू शकते. हे कलम जास्त वापरलं जावं, छोट्या प्रकरणांत शिक्षेऐवजी समुपदेशन व्हावं, हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगतो. दुसऱ्या गोष्टीलाही माझा विरोध नाही. लहान मुलांच्या फिट्सच्या काही दुर्धर प्रकारांवर कॅनाबिडिऑल या झाडातल्याच एका द्रव्याचं औषध अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालं, ते उपयोगी आहे. पण त्यात नशा आणणारा घटक जवळजवळ नाही, ते थेंब मोजून देतात, आणि त्याचा संध्याकाळी येऊरच्या पायथ्याशी मित्रांबरोबर पेटवलेल्या जॉइंटशी काही संबंध नाही.

माझं भांडण तिसऱ्या गोष्टीशी आहे.

‘झाड आहे’ या मुद्द्यावर वेळ घालवायला नको. धोतराही झाड आहे आणि तोही शंकराला वाहतात. घरी येऊन कुणी धोतऱ्याची कोशिंबीर करत नाही. प्रसादाची भांग वेगळी आणि गांजा वेगळा, हे मात्र त्याला जरूर सांगा. केंद्राच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुला-फळांचे शेंडे. नुसती पानं आणि बिया त्यात धरलेल्या नाहीत. म्हणूनच भांगेवर राज्यांचे नियम चालतात. नशा आणणारं टीएचसी पानांत कमी, शेंड्यांत जास्त.

आता जरा वजनदार मुद्दा. मुलगा वाचणारा असेल तर कधीतरी तो इंग्रजांच्या काळातल्या गांजा-भांग आयोगाचा दाखला देईल. १८९३-९४ साली त्या आयोगाने देशभर साक्षी घेतल्या आणि निष्कर्ष काढला की माफक सेवनाने फारसं नुकसान होत नाही, संपूर्ण बंदी नको, कर आणि नियंत्रण ठेवा. हे खरं आहे. नंतर कित्येक दशकं सरकारी परवान्याची गांजाची दुकानं आपल्याकडे होती, तुमच्या सासऱ्यांनी कदाचित पाहिली असतील. मी हा अहवाल नाकारत नाही. पण आयोगाने तपासलेला माल आणि आज झिपच्या पिशवीत येणारा माल, यांचं नाव तेवढं एक आहे. अमेरिकेत जप्त झालेल्या मालाच्या तपासण्या वर्षानुवर्षं होतात: १९९५ च्या सुमारास त्यात टीएचसी साधारण ४ टक्के असायचं, आता १५ टक्क्यांच्या आसपास. तिथल्या दुकानांत जो अर्क मिळतो तो ६० ते ९० टक्क्यांपर्यंत जातो. आपल्याकडची पोरं ज्याला ‘हायड्रो’ म्हणतात तो बंद खोलीत, दिव्यांखाली, मातीशिवाय वाढवलेला माल याच जातीचा. माझ्याकडे पंधरा वर्षांपूर्वी येणारे साधा गांजा ओढायचे आणि महिनोन्महिने ओढून सुस्त होऊन यायचे. आताची मुलं हायड्रोवर दोन-तीन महिन्यांत भास घेऊन येतात. सगळी नव्हे. पण बावीस वर्षांत झालेला फरक मला माझ्या खुर्चीतून स्पष्ट दिसतो.

मग तो म्हणेल, दारू याहून वाईट. होय, वाईट आहे. यकृत, अपघात, घरातली मारहाण, सगळ्यात दारू पुढे. हे निमूट मान्य करा. आणि मग त्याला आपल्याच देशाचे आकडे दाखवा. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात, म्हणजे सुमारे १६ कोटी. भांग, गांजा, चरस सगळं मिळून २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३.१ कोटी. दारूमुळे मदतीची गरज असलेले ५.७ कोटी, गांजा-भांगेमुळे ७२ लाख. जे दुकानात मिळतं ते पाचपट लोक घेतात. सगळा फरक कायद्यानेच पडला असं मी म्हणणार नाही, रीतिरिवाज आहेत, सवयी आहेत. पण हाताशी असणं हे फार मोठं कारण आहे, हे दारूच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणारा कुणीही सांगेल. दारूचं इतकं भोगल्यावर ‘तिच्या शेजारी अजून एक गाळा उघडू या’ असं का म्हणावं, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

आता मला सगळ्यात जास्त जाचतो तो मुद्दा. कायदेशीर गांजा म्हणजे बागेत एक झाड आणि शनिवारी संध्याकाळी मित्रांत एक जॉइंट, असं चित्र मुलांच्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात कायदेशीर गांजा म्हणजे कंपनी. आणि कंपनीचं पोट शनिवारच्या गिऱ्हाइकावर भरत नाही. कोलोरॅडोत २०१४ साली दुकानं सुरू झाली, त्याच वर्षीच्या बाजाराच्या पाहणीत असं दिसलं की जवळजवळ रोज ओढणारे लोक एकूण गिऱ्हाइकांच्या साधारण पाचव्या हिश्शाइतके, पण मालाची दोन तृतीयांश मागणी त्यांची. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्याला व्यसन लागलंय किंवा लागू घातलंय, तोच धंद्याचा आधार. मी माझ्या खोलीत बसून एकेकाला रोजच्यावरून आठवड्यावर आणतो, आठवड्यावरून शून्यावर. बाहेर जाहिरात, चव, सवलत आणि पॅकिंग त्यालाच उलट्या दिशेने ओढणार. आज विकणारा पुडीवाला आहे, तोही नफाच बघतो. पण त्याच्याकडे जाहिरात संस्था नाही, फळांच्या चवीच्या गोळ्या नाहीत, मंत्रालयात बाजू मांडायला माणसं नाहीत.

हे कसं होतं ते आपण गुटख्यात पाहिलंय. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. माल तरीही मिळतो, हे मुलगा लगेच म्हणेल, आणि ‘बघ, बंदीचा उपयोग नाही’ असाही निष्कर्ष काढेल. मी त्याच उदाहरणातून वेगळं शिकलो. एकदा एखाद्या मालाभोवती मोठा धंदा उभा राहिला, की तो वेलचीच्या आणि पान मसाल्याच्या नावाने टीव्हीवर येत राहतो, क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला झळकत राहतो. सरकारने मागाहून केलेली बंदी त्या धंद्याच्या मागे धापा टाकत पळते. म्हणून धंदा उभा राहण्याआधीची वेळ मोलाची असते. गांजाच्या बाबतीत आपण अजून त्या वेळेत आहोत.

थायलंडकडे बघा. जून २०२२ मध्ये त्यांनी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. विक्रीचे नियम नंतर करू म्हणाले, आणि दरम्यान हजारो दुकानं उघडली. तीन वर्षांनी, जून २०२५ मध्ये, पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट आणावी लागली. तिकडच्या मोकळीकीचा पत्ता आपल्याला इथे बसून लागला: बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत हायड्रो सापडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून सारख्या येतात. मुलगा ज्या देशाचं उदाहरण देतो त्याच देशाने पाऊल मागे घेतलं, हे त्याला माहीत नसेल तर सांगा. खिजवून सांगू नका, माहिती म्हणून सांगा.

कॅनडाबद्दलही सरळ बोलू. तिथे आकाश कोसळलं नाही. शाळकरी मुलांचं सेवन, अनेकांना भीती होती तसं, एकदम भडकलं नाही, आणि काळ्या बाजाराचा बराच हिस्सा दुकानांकडे आला. हे कायद्याच्या समर्थकांचं खरं यश आहे. पण २०२० च्या सुरुवातीपासून गांजा घातलेली चॉकलेटं, गोळ्या दुकानांत आल्या आणि घरातल्या लहानग्यांनी त्या खाऊ समजून खाल्ल्या. अशी बाळं दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण वाढलं. क्वेबेक प्रांताने अशा गोड गोळ्या विकू दिल्या नाहीत, तिथे ही वाढ कमी राहिली. म्हणजे नियम कडक असले की फरक पडतो. मग प्रश्न उरतो तो असा की तेवढा कडक नियम पाळून घेणारी यंत्रणा आपल्याकडे आहे का?

याचं उत्तर मी रोज स्टेशनला जाताना बघतो. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत तंबाखूजन्य पदार्थ विकायचे नाहीत, हा कायदा २००३ चा. फाटकावर तसा पिवळा फलक असतो आणि फलकापासून वीस पावलांवर टपरी. अठराच्या आतल्या पोराला सिगरेट द्यायची नाही, हेही त्याच कायद्यात. मी कधी कुणाचं ओळखपत्र तपासलेलं पाहिलं नाही. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय पंचवीस आहे. तुमच्या मुलाच्या कॉलेजमधल्या पार्ट्यांत ते कितपत पाळलं जातं, त्यालाच विचारा. कॅनडात दुकानदाराचा परवाना जातो या भीतीने वय बघितलं जातं. ती भीती इथे तयार करण्याआधी माल फळीवर ठेवला, तर तो पहिल्यांदा पोहोचेल तो पंधरा-सोळाच्या पोरांपर्यंत. आणि सगळ्यात जास्त नुकसान त्याच वयात आहे.

का ते सांगतो. आपल्या मेंदूत गांजासारखंच काम करणारी द्रव्यं मुळातच असतात. १९९२ साली त्यातलं पहिलं सापडलं तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याला आपल्या ‘आनंद’ शब्दावरून आनंदमाइड असं नाव दिलं. हे द्रव्य अगदी थोडं, हवं तिथे, हवं तेवढा वेळ बनतं आणि विरघळतं. पौगंडावस्थेपासून पंचविशीपर्यंत मेंदूची जी छाटणी आणि जोडणी चालते, कुठली तार ठेवायची, कुठली काढायची, त्यात या यंत्रणेचा हात असतो. बाहेरून भरपूर टीएचसी ओतलं की ती सूक्ष्म मोजदाद बिघडते. चाळिशीतल्या माणसाचं घर बांधून झालेलं असतं. सोळाव्या वर्षी वायरिंग चालू असतं.

व्यसनाचे आकडे याला धरूनच आहेत: जे गांजा घेऊन पाहतात त्यांतल्या साधारण ९ टक्क्यांना तो सुटत नाही, पौगंडावस्थेत सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण सुमारे सहांत एक होतं. ‘गांजाचं व्यसन लागतच नाही’ हे वाक्य मी रोज ऐकतो, ते अशांकडून की ज्यांना सोडल्यावर आठ-दहा दिवस झोप येत नाही, जेवण जात नाही, चिडचिडीने घर डोक्यावर घेतात. ऐरोलीचे एक आयटीतले गृहस्थ झोपेसाठी म्हणून रोज रात्री ओढायचे. सोडल्यावर तीन आठवडे त्यांना झोप नव्हती आणि ते मला म्हणत होते, ‘बघा, म्हणूनच मला लागतो.’ एक मुलगी सतत उलट्या होतात म्हणून तीन वेळा एंडोस्कोपी करून माझ्याकडे आली. दिवसातून पाच-सहा वेळा कढत पाण्याने अंघोळ केली की तिला बरं वाटायचं. हे लक्षण दीर्घकाळ भरपूर गांजा घेणाऱ्यांतल्या उलट्यांच्या आजाराचं आहे. त्यावर खरा उपाय एकच, गांजा थांबवणं.

आता वेडाबद्दल, म्हणजे भास-संशयाच्या ज्या अवस्थेला आम्ही सायकोसिस म्हणतो त्याबद्दल. यावर मी जपून बोलतो. गांजा ओढणाऱ्या बहुतेकांना असा आजार होत नाही. पण स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीला आलेल्या सुमारे पंचेचाळीस हजार तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला, तेव्हा पन्नासाहून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे अशाच पण दीर्घकाळ चालणाऱ्या आजाराचं, प्रमाण सहापट दिसलं. पुढे इतर कारणं वजा केल्यावर हा आकडा बराच खाली आला, पण शून्यावर आला नाही. तोही त्या काळच्या सौम्य मालावर. २०१९ साली युरोप आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणांच्या अभ्यासात, रोज जहाल माल घेणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट आढळली.

आकडे बाजूला ठेवून एका मुलाची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. घोडबंदर रोडच्या मोठ्या सोसायटीतला, एकोणीस वर्षांचा, ट्रान्स-हार्बरने रोज वाशीकडे कॉलेजला जाणारा. चौदा महिने रोज ओढत होता. आई घेऊन आली तेव्हा मे महिना होता आणि त्याने आपल्या खोलीच्या खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली होती. समोरच्या टॉवरमधून त्याचं शूटिंग चालतं म्हणून. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर त्याने बँडेजची पट्टी लावली होती. माझ्याशी बोलतानाही आवाज बारीक. औषधांनी दीड महिन्यात तो पुष्कळ सावरला, कॉलेजला गेला, मित्रांत बसला, पुन्हा ओढला, पुन्हा आला. दुसऱ्या वेळी सावरायला पाच महिने लागले. आज चार वर्षांनी त्याच्या फाइलवर स्किझोफ्रेनिया असं लिहिलेलं आहे. त्याच्या वडिलांनी एकदा विचारलं, ‘डॉक्टर, ओढलं नसतं तर हे झालं नसतं का?’ मला होय म्हणता आलं नाही आणि नाहीही म्हणता आलं नाही. कदाचित झालंच असतं, पाच वर्षांनी, पदवी हातात आल्यावर. कदाचित कधीच झालं नसतं. कुणाचा मेंदू कच्चा धागा घेऊन आलाय हे आधी सांगणारी तपासणी माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही. दुकानदाराकडे तर नाहीच. खुल्या विक्रीला माझा विरोध आहे त्याच्या मुळाशी हे एक वाक्य आहे.

आणि अशी मुलं वाढली तर बघणार कोण? एका अंदाजानुसार आपल्याकडे लाख लोकसंख्येमागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ आहे. पूर्ण एकही नाही.

गाडी चालवण्याचा मुद्दा थोडक्यात. पामबीच रस्त्यावर पोलीस फुंकायला लावतात आणि दारू लगेच कळते. गांजाची नशा आत्ता किती आहे हे रस्त्यावरच सांगणारी तशी विश्वासार्ह चाचणी नाही. टीएचसी चरबीत मुरतं, त्यामुळे रोज घेणाऱ्याची लघवी कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि त्यावरून तो आत्ता नशेत आहे की नाही हे कळत नाही. बायपासला रात्री ट्रेलरच्या शेजारून बाइक घालणाऱ्यांच्या शहरात हे लहान दुखणं नाही.

इथवरचं एकदा गोळा करतो, म्हणजे मुलाशी बोलताना धागा सुटणार नाही: ओढणाऱ्याला गुन्हेगार करू नये हे मान्य. औषध वेगळं, तेही मान्य. पण दुकान नको, कारण दुकान रोजच्या गिऱ्हाइकावर जगतं, माल आता पूर्वीचा राहिलेला नाही, वयाची अट आपण पाळून घेऊ शकत नाही, आणि कुणाला तो बाधेल हे आधी कळत नाही.

आता दुसरा प्रश्न, घरातला. इथे मला तुमच्याकडून काही गोष्टी कळल्याशिवाय नेमकं सांगता येणार नाही. तो महिन्यातून एकदा ओढतो की रोज? एकटा ओढतो की चौघांत? कितव्या वर्षी सुरू केलं? पिशवीतला माल कसला? आणि का ओढतो? झोप येत नाही म्हणून, मित्र ओढतात म्हणून, की मनात काही चाललंय ते गप्प करायला? परीक्षा संपल्यावर कधीतरी ओढणारा मुलगा आणि सकाळी अंघोळीआधी ओढणारा मुलगा, यांना माझा सल्ला एक नसतो.

बॅग पुन्हा तपासू नका. लघवीची चाचणी चोरून करू नका, मी सांगितलंच की ती फारसं सांगत नाही, आणि विश्वास मात्र जातो. यजमानांना ‘पोलिसांत देईन’ अशी धमकी देऊ देऊ नका. जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर विषय काढू नका. गाडीत बोला, शेजारी शेजारी बसून, डोळ्यांत डोळे न घालता. माझ्या अनुभवात खारघर ते ठाणे एवढ्या अंतरात मुलं बरंच बोलतात. सुरुवात अशी करा: ‘तुझे मुद्दे मी वाचून काढले. काही पटले. आता तुझं सांग.’ आणि मग गप्प बसा. एक मिनिटाची शांतता फार मोठी वाटेल. बसा. महिनाभर पूर्ण थांबून दाखवशील का, असं विचारा, आव्हान म्हणून नव्हे, त्याला स्वतःला कळावं म्हणून. थांबला तर उत्तम. थांबता आलं नाही, तर ‘व्यसन लागत नाही’ या वाक्याचं उत्तर त्याला तुमच्याकडून घ्यावं लागणार नाही.

आणि आता ती ओळ. ताई, संबंध आहे. तुमच्या दिरांना विशीत सुरू झालेला, वर्षानुवर्षं गोळ्या लागलेला ‘डोक्याचा त्रास’ नेमका काय होता हे माहीत करून घ्या. जुनी फाइल असेल तर काढा, गोळ्यांची नावं लिहून घ्या. तो स्किझोफ्रेनिया किंवा त्यासारखा आजार असेल तर हिशेब बदलतो. सर्वसाधारणपणे शंभरात एकाला होणारा हा आजार, आईवडिलांपैकी कुणाला किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर साधारण दहापट संभवतो. काकांना असेल तर त्याहून बराच कमी, पण इतरांपेक्षा जास्त. अशा घरातल्या मुलाला मी ‘कमी ओढ’ असं सांगत नाही. एकही नको, असं सांगतो, आणि का ते त्याच्या तोंडावर, आडपडदा न ठेवता सांगतो. तुमच्या मुलाला काकाचा आजार काय होता हे बहुधा कुणी कधी सांगितलेलंच नसेल. आपल्याकडे अशा गोष्टी लग्नं जुळेपर्यंत झाकून ठेवतात. जगभरातल्या कायद्यांची माहिती असलेल्या या मुलाला स्वतःच्या घरातली ही माहिती मात्र नाही. त्याचा हक्क आहे तो. यजमानांशी आधी बोला, मग दोघं मिळून त्याला सांगा.

गेल्या काही महिन्यांत तो एकलकोंडा झालाय का, रात्र रात्र जागतो का, कुणी आपल्याबद्दल बोलतंय किंवा आपल्यावर नजर ठेवतंय असं म्हणतो का, एकटाच पुटपुटतो किंवा हसतो का, हे आठवून पाहा. यातलं एकही उत्तर ‘हो’ असेल तर महिनाभर थांबण्याचा प्रयोग बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. तो यायला तयार नसेल तर तुम्ही दोघं आधी जाऊन या, त्याच्याशिवायही आम्ही बोलतो. रात्री-अपरात्री काही विचारायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. दिरांच्या गोळ्यांची नावं मिळाली की मला कळवा, त्यावरून पुढचं अधिक नेमकं सांगता येईल.